चावी काढली तरी अ‍ॅम्प्लिफायर चालूच? गाडीत चावीवरची लाईन शोधण्याची पद्धत

गाडीत अ‍ॅम्प्लिफायर बसवला, डॅशकॅम लावला किंवा जुन्या टेपला ब्लूटूथचा डबा जोडला, की थोड्याच दिवसांत तीनपैकी एक तक्रार हमखास येते. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टकटक, बॅटरी उतरलेली. किंवा गाडी चालू करताना वस्तू बंद होते आणि परत चालूच होत नाही. नाहीतर रात्री सगळं झकास वाजतं, दिवसा मात्र टेप गप्प. वरवर बघितलं तर या तीन वेगळ्या तक्रारी आहेत, पण मूळ बहुतेक वेळा एकच असतं. वस्तूला करंट मिळतोय, फक्त तो चुकीच्या लाईनवरून घेतलेला आहे.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. या एका कारणापायी लोक चांगल्या बॅटऱ्या बदलतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. नवी बॅटरी काही दिवस ओढून नेते, मग तीही उतरते, आणि दोष बॅटरीच्या कंपनीवर जातो. परवा एक काका आले, तेही असंच म्हणाले.

"मिस्त्री, बॅटरी नवीन घातली तरी रोज सकाळी तेच रडगाणं."

"काका, रात्री गाडी लॉक केल्यावर सीटखाली वाकून बघितलंय का? अ‍ॅम्प्लिफायरची बारकी लाईट चालू असते का?"

"व्हय की, निळी लाईट असते. ती तशीच असते न्हवं?"

ती तशी नसते. चावी काढल्यावर ती विझायलाच पाहिजे. चार चॅनलचा साधा अ‍ॅम्प्लिफायर गाणं वाजत नसतानाही अर्धा ते एक अ‍ॅम्पिअर सहज खातो. छोट्या पेट्रोल गाडीत बॅटरी साधारण ३५ अ‍ॅम्पिअर-अवरची असते. एक अ‍ॅम्पिअरने बारा तास म्हणजे १२ अ‍ॅम्पिअर-अवर, जवळपास बॅटरीचा तिसरा हिस्सा एका रात्रीत गेला. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर एवढ्यातच सेल्फ फिरत नाही. डॅशकॅम याच्या मानाने कमी ओढतो, पाव अ‍ॅम्पिअरच्या आसपास, तरी चोवीस तासांत ६ अ‍ॅम्पिअर-अवर होतात. शनिवार-रविवार गाडी दारात उभी राहिली तर सोमवारी धक्का मारायची वेळ.

गाडीतल्या लाईनींचे प्रकार

चावीला चार जागा असतात: लॉक, एसीसी (अ‍ॅक्सेसरी), ऑन आणि स्टार्ट. कुठली लाईन कुठल्या जागेवर जिवंत होते, त्यावरून तिचा प्रकार ठरतो.

डायरेक्ट लाईन बॅटरीवरून फ्यूजमार्गे येते आणि कायम चालू असते. टेपचं घड्याळ, स्टेशनांची मेमरी, आतला छतातला दिवा यांना ती लागते. एसीसीची लाईन चावीच्या पहिल्या खटक्याला येते, ऑनलाही राहते, आणि सेल्फ फिरताना मुद्दाम तोडली जाते, म्हणजे सगळा जोर स्टार्टरला मिळतो. ऑनच्या खटक्यावर इग्निशनच्या लाईनी येतात, त्यांचे दोन भाग. इंजिन चालायला जे लागतं त्याची लाईन सेल्फ मारतानाही टिकून राहते; ब्लोअर, वायपर अशा गोष्टींची लाईन तेवढ्यापुरती जाते. याशिवाय एक चोर लाईन आहे, पार्किंग लाईटची. टेपच्या मागे ती असतेच, कारण रात्री टेपची बटणं उजळायला ती लागते. रात्री वाजतं आणि दिवसा वाजत नाही, या तक्रारीचं उत्तर म्हणजे ही लाईन. बसवणाऱ्याने संध्याकाळी लाईट लावून काम केलं, टेस्टर पेटला, जोडून टाकलं. काही गाड्यांत डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायचा चक्री नॉब याच लाईनवर चालतो. मग वस्तू नुसती रात्रीच चालते असं नाही, तर अर्धवट करंटवर लटपटते.

जर्मन पद्धतीच्या वायरिंगच्या नकाशात या लाईनींना आकडे असतात, डीआयएन ७२५५२ या प्रमाणाप्रमाणे. ३० म्हणजे डायरेक्ट, १५ म्हणजे इग्निशन, ५८ म्हणजे पार्किंग आणि डॅशचे दिवे, ३१ म्हणजे अर्थ, गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी वाट. नकाशा हाती लागला तर एवढे चार आकडे लक्षात ठेवले तरी अर्धं काम होतं.

टेपशी संबंधित वस्तूंना एसीसीच योग्य. रंकाळ्यावर गाडी लावून इंजिन बंद ठेवून गाणी ऐकायची असतील तर पहिल्या खटक्यावर टेप, अ‍ॅम्प्लिफायर, ब्लूटूथ सगळं चालतं आणि इंजिनाचं काहीच जागं होत नाही. ऑनवरून लाईन घेतली तर गाण्यासाठी उगाच इग्निशनही चालू ठेवावं लागतं.

हत्यारं थोडीच, पण दोन्ही टेस्टर हवेत

मल्टिमीटर, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर. आणि त्याच्याइतकाच महत्त्वाचा बल्बचा टेस्टर: १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला सुई. नुसत्या मीटरवर विसंबून काम करणाऱ्यांची गाडी परत येते, ती या बल्बाअभावी. मीटर लाईनीतून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. गंजलेल्या कपलरमधून, एकाच तारेवर लोंबकळणाऱ्या वायरमधूनसुद्धा तो १२ व्होल्ट दाखवतो. टाकी भरलेली दिसते पण नळाला धार नाही, तसा हा प्रकार. ५ वॅटचा बल्ब ०.४ अ‍ॅम्पिअर ओढतो. लाईन कमजोर असेल तर तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही, आणि तिथल्या तिथे खरं कळतं. बाजारात मिळणारा एलईडीचा टेस्टर या कामाला चालत नाही, तो जराशा गळतीवरही पेटतो.

मात्र बल्बचा टेस्टर कुठे लावायचा नाही तेही आधी सांगतो. पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्टर, सुई, मीटर काहीही लावायचं नाही. स्टीअरिंगखाली आणि पॅसेंजरच्या समोरच्या कप्प्यामागे त्या असतात, म्हणजे आपण हात घालतो नेमकं तिथेच. इंजिनाच्या ईसीयूच्या (कंट्रोल युनिटच्या) वायरी, एबीएसच्या (ब्रेकच्या) वायरी, यांनाही बल्ब लावू नये.

वायर तोडायच्या किंवा जोडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. त्याआधी एक गोष्ट मालकाला विचारा: कंपनीच्या टेपला कोड आहे का? काही टेप बॅटरी काढली की कोड मागतात, आणि तो माहीत नसेल तर टेप कुलूपबंद.

आधी टेपच्या मागे बघा

बाहेरून घेतलेल्या टेपला रंग बऱ्यापैकी ठरलेले आहेत. पिवळी डायरेक्ट (ही टेपची स्वतःची, एअरबॅगची नव्हे), लाल एसीसी, काळी अर्थ, नारिंगी लाईटची, निळी अँटेनाची, निळी-पांढरी अ‍ॅम्प्लिफायरच्या रिमोटची, म्हणजे त्याला चालू व्हायचा इशारा देणारी. पांढऱ्या, राखाडी, हिरव्या आणि जांभळ्या जोड्या स्पीकरच्या. कंपनीतून आलेल्या गाडीच्या वायरिंगला मात्र हे रंग लागू नाहीत. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलतात. रंग बघून अंदाज करा, पण टेस्टर लावल्याशिवाय जोडू नका.

बऱ्याच गाड्यांत आयएसओ १०४८७ पद्धतीचे दोन आठ-पिनी कपलर असतात. त्यातल्या करंटच्या कपलरवर ४ नंबरला डायरेक्ट, ५ ला अँटेना किंवा रिमोट, ६ ला लाईट, ७ ला एसीसी आणि ८ ला अर्थ अशी रचना. फोक्सवॅगन गटाच्या काही गाड्यांत ४ आणि ७ ची अदलाबदल असते. अशा गाडीत बाहेरचा टेप तसाच घातला तर चावी काढल्यावर टेप घड्याळासकट सगळं विसरतो, रोज नव्याने स्टेशनं शोधावी लागतात. टेप रोज सगळं विसरतोय अशी तक्रार आली की लाल-पिवळी बदलून बघा. आमच्या भागातल्या कितीतरी टेप दुरुस्तीवाल्यांकडे फक्त एवढ्यासाठी टेप उघडले जातात.

अ‍ॅम्प्लिफायरच्या रिमोटला सगळ्यात चांगली लाईन म्हणजे टेपचीच निळी-पांढरी. टेप चालू तर अ‍ॅम्प्लिफायर चालू, टेप बंद तर तोही बंद. या लाईनीतून फार ओढता येत नाही, पायोनिअरच्या माहितीपत्रकात ही मर्यादा ३०० मिलिअ‍ॅम्पिअर दिलेली असते. अ‍ॅम्प्लिफायरच्या रिमोटला तेवढं पुरून उरतं. पण त्याच निळ्या-पांढऱ्यावर कोणी डॅशकॅम, एलईडीची पट्टी आणि मोबाईल चार्जरही टांगतो, आणि मग टेपच्या आतला भाग जळतो. नुसत्या निळ्या वायरचा घोळ वेगळा. ती अँटेनासाठी असल्यामुळे काही टेपांत रेडिओ लावला तरच जिवंत होते. एफएमवर वूफर दणकतो आणि पेन ड्राइव्ह लावला की गप्प, अशी तक्रार आली तर रिमोट निळीवर जोडला आहे असं समजा.

कंपनीच्या टेपला रिमोटची वायर नसेल तर रिमोट एसीसीवर घ्यावा लागतो. बऱ्याच नव्या अ‍ॅम्प्लिफायरना स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घेऊन स्वतःच चालू होण्याची सोय असते. ती असेल तर रिमोटची भानगडच नको, पण गाडी लॉक केल्यावर तो खरंच झोपतो का हे एकदा बघाच.

आणि नव्या गाड्यांत कधी टेपच्या मागे एसीसी सापडतच नाही. चारही खटक्यांवर डायरेक्ट तेवढी जिवंत, बाकी काही नाही. लाईन तुटली आहे असं समजून शोधत बसू नका. या गाड्यांत टेपला जागं करायचा निरोप डेटाच्या बारीक पिळलेल्या जोडीवरून येतो. त्या जोडीला हात लावायचा नाही. सरळ फ्यूज बॉक्सकडे जायचं.

फ्यूज बॉक्सवर वेळ घालवा

आपल्याकडच्या गाड्यांत एक फ्यूज बॉक्स बहुतेक ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोर किंवा उजव्या पायाशी बाजूला असतो, दुसरा बॉनेटखाली. आपलं काम आतल्या बॉक्सचं. झाकणाच्या मागे नकाशा असतो. त्यात एसीसी, रेडिओ, सिगार, सॉकेट असं लिहिलेला फ्यूज शोधा. डोम, बॅकअप, रूम असं लिहिलेलं असेल तर ती डायरेक्ट लाईन. एअरबॅग, एबीएस, ईसीयू, हेडलाईट, ब्रेक लाईट आणि पंप यांच्या फ्यूजला टॅप (फ्यूजच्या जागेतून लाईन काढायचा जोड) लावायचा नाही. आपला फ्यूज उडाला किंवा टॅप ढिला झाला तर त्यांच्यावर परिणाम होता कामा नये. मी तरी सिगरेट लायटरच्या, म्हणजे चार्जिंग सॉकेटच्या फ्यूजलाच पहिली पसंती देतो. तो उडाला तर फोन चार्ज होणार नाही, एवढंच. फक्त काही गाड्यांत हे सॉकेट कायम चालू असतं, म्हणून तपासल्याशिवाय धरू नका.

फ्यूज न काढताही तपासता येतो. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक खिडक्या असतात, त्यातून धातू दिसतो. टेस्टरचा चिमटा अर्थला लावून सुई तिथे टेकवा. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: पाच अवस्थांत तपासा, कागदावर लिहून ठेवा. चावी बाहेर, एसीसी, ऑन, सेल्फ फिरत असताना, आणि चावी काढून गाडी लॉक करून अर्धा तास गेल्यावर. लोक पहिल्या तीनवर थांबतात, आणि तक्रार घेऊन परत येणारी गाडी शेवटच्या दोनमुळे येते.

चावी बाहेर बंद, एसीसीला चालू, ऑनला चालू, सेल्फला बंद, लॉक केल्यावर बंद, असा निकाल आला तर तुमची लाईन सापडली. एसीसीला बंद पण ऑनला आणि सेल्फलाही चालू असेल तर ती इंजिनाच्या कामाची इग्निशन आहे, ती सोडून द्या. पाचही वेळा चालू म्हणजे डायरेक्ट.

पाचव्या अवस्थेसाठी थोडी युक्ती लागते. आजकालच्या पुष्कळ गाड्यांत चावी काढल्यावरही काही लाईनी थोडा वेळ जिवंत राहतात. काहींत दार उघडलं की जातात, काहींत ठरावीक वेळाने, काहींत गाडी लॉक होऊन आतले सगळे कंट्रोल युनिट झोपल्यावर. उघड्या दारात वाकून तपासलं तर या लाईनी कायम चालू वाटतात आणि चांगली एसीसी लाईन आपण डायरेक्ट समजून सोडून देतो. कधी उलट होतं: दार उघडं म्हणून बंद झालेली लाईन दार लावल्यावर परत जिवंत होते. म्हणून दार उघडं असतानाच गाडीला ते बंद आहे असं भासवायचं. दाराच्या कडेला कुलपाची जी जिभली असते, ती स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवायची, दोन खटके ऐकू येतील. मग रिमोटने लॉक करायचं, मीटरची सुई फ्यूजवर चिकटपट्टीने चिकटवून ठेवायची आणि थांबायचं. काम झाल्यावर रिमोटने अनलॉक करून दाराचं हँडल ओढून जिभली मोकळी करा, मगच दार लावा. बंद जिभलीवर दार आपटलं तर कुलूप वाकतं.

बटणाने चालू होणाऱ्या गाडीत चावीचे खटके नसतात. ब्रेकवर पाय न ठेवता बटण एकदा दाबलं की एसीसी, दोनदा दाबलं की ऑन. सेल्फच्या तपासणीला दुसरा माणूस लागतोच.

टॅप उलटा बसला तर

लाईन सापडल्यावर वायर फ्यूजच्या पायाला गुंडाळून फ्यूज दाबून बसवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती बंद झाली पाहिजे. पाय पसरतो, फ्यूज पुढे कायमचा ढिला राहतो, आणि आपल्या वायरला स्वतःचा फ्यूज मिळत नाही. फ्यूज टॅप स्वस्त मिळतो, लक्ष्मीपुरीत किंवा कुठल्याही ऑटो पार्टच्या दुकानात विचारा. दोन खाचा असतात: एकीत गाडीचा मूळ फ्यूज, दुसरीत आपल्या वस्तूचा. गाडीत मिनी आहे, मोठा आहे की बुटका मिनी आहे ते आधी बघून त्याच मापाचा टॅप घ्या. मापात बसत नसेल तर पाय घासून घुसवू नका.

टॅपला दिशा असते, आणि इथे भले भले चुकतात. फ्यूजच्या जागेत दोन पाती असतात. एका पातीवर करंट येतो, दुसरीवरून गाडीच्या वस्तूकडे जातो. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना करंट देतो, तो येणाऱ्या पातीत गेला पाहिजे. उलटा बसवला तरी वस्तू चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण मग आपल्या वस्तूचा करंटही गाडीच्या मूळ फ्यूजमधून जातो, त्याच्यावर दोघांचा भार पडतो आणि कधीतरी अचानक मूळ फ्यूज उडतो. तपासायची सोपी रीत अशी: टॅप बसवा, त्यातला मूळ फ्यूज काढून ठेवा, आपला फ्यूज राहू द्या, चावी एसीसीवर घ्या. टॅपच्या वायरला बल्ब पेटला तर दिशा बरोबर. नाही पेटला तर टॅप काढून फिरवून बसवा. तपासणी झाली की मूळ फ्यूज परत घालायला विसरू नका.

आपला फ्यूज वस्तूप्रमाणे. डॅशकॅम, ब्लूटूथ यांना ३ किंवा ५ अ‍ॅम्पिअरचा पुरतो. रंगावरून ओळखता येतो: ५ फिक्कट तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. फ्यूज वारंवार उडतोय म्हणून मोठा घालायचा विचार मनातही आणू नका. वायर कुठेतरी घासते आहे, ती शोधा.

भार जास्त असेल तर रिले

अ‍ॅम्प्लिफायरचा मुख्य करंट एसीसीवरून कधीच घ्यायचा नाही. तो बॅटरीवरून जाड वायरने, बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज लावून. एसीसीचं काम फक्त त्याला जागं करणं. चावीवरून पूर्ण अ‍ॅम्प्लिफायर चालवलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत, आणि त्यांत शेवटी इग्निशन स्विचचे पॉइंट जळतात. मग गाडी चालू असताना मध्येच सगळं बंद पडतं. आंबा घाटाच्या वळणावर असं झालं तर काय होईल, याचा विचार गाणी मोठ्याने वाजवायच्या आधी करायला हवा.

कॅमेरा, चार्जर, दिव्यांची पट्टी, स्क्रीन असं बरंच एकत्र चालवायचं असेल तर चार पायांचा साधा रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावा. ८६ ला एसीसी, ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीवरून फ्यूजमार्गे आलेली लाईन, ८७ वरून सगळ्या वस्तूंना. कॉईल चालायला पाव अ‍ॅम्पिअरही लागत नाही, त्यामुळे एसीसीवर भार नाही. ८५ आणि ८६ च्या मध्ये १एन४००७ डायोड टाका, पट्टीची बाजू ८६ कडे. रिले बंद होताना कॉईलमधून उलटा झटका येतो, तो डायोड गिळतो. नाहीतर एसीसीवरच्या बाकीच्या नाजूक वस्तूंना तो बसतो. एवढ्यासाठी एक रुपयाचा डायोड वाचवू नका.

ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवरही हीच पद्धत, किंबहुना तिथे रिलेशिवाय गत्यंतर नाही. हंगामात मोठाले स्पीकर लावलेले ट्रॅक्टर कारखान्यापुढच्या रांगेत इंजिन बंद करून तासन्‌तास उभे असतात, आणि टेप चावीच्या स्विचवर डायरेक्ट जोडलेला असतो. ट्रॅक्टरचा तो स्विच एवढ्या भारासाठी केलेला नाही.

सेल्फ मारताना बंद होणं

एसीसीवरची वस्तू सेल्फच्या क्षणी बंद होऊन परत चालू होते, यात बिघाड काहीच नाही. परत चालूच होत नसेल तर आधी बॅटरी बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी थकली आहे किंवा टर्मिनल गंजलं आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळालं नाही तर अल्टरनेटरकडे जा. हे सगळं ठीक असूनही डॅशकॅम अडकत असेल तर दोष त्याच्या १२ चे ५ व्होल्ट करणाऱ्या डब्याचा असतो, चांगला डबा घ्या.

अर्थ आणि सांधे

एक्सलरेटर दाबला की स्पीकरमधून 'कुईं' असा चढत जाणारा आवाज येतो, तेव्हा अर्थ बघा. रंगावर किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर कसलेल्या स्क्रूला अर्थ मिळत नाही. पत्र्यावरचा रंग खरवडून, थिंबल (वायरीवर दाबून बसवायचं धातूचं टोक) लावून, घट्ट कसून घ्या. टेप आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचे अर्थ शक्यतो एकाच जागी.

सांध्यांबद्दल मला जरा कळकळीने सांगायचं आहे. आपल्याकडे जुलैत पाऊस लागला की आठवडाभर उघडत नाही. गाडीत ओल्या छत्र्या, ओले पाय, पायाखालचं मॅट कायम दमट. नुसता पिळून काळी टेप गुंडाळलेला सांधा अशा हवेत एका पावसाळ्यात हिरवा पडतो. वायर सोलून बघितली तर आवरणाच्या आत वीतभर लांबपर्यंत तांब्यावर हिरवट थर चढलेला असतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरलेल्या गाड्यांत तर कपलरच्या कपलर असे सापडतात. अशी गाडी घेतली असेल तर लाईन शोधायच्या आधी फ्यूज बॉक्सचे पाय आणि अर्थचे स्क्रू बघा. त्यांत मीटर १२ दाखवतो आणि बल्ब पेटत नाही, हे अगदी नेहमीचं.

सांधा थिंबल दाबून करा किंवा सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह. वायर न सोलता चावून जोडणाऱ्या निळ्या क्लिपा वापरू नका. त्या तारा अर्ध्या कापतात आणि गगनबावड्याच्या रस्त्याचे हादरे बसले की सांधा सुटतो. खड्ड्यात टेप बंद आणि पुढच्या खड्ड्यात चालू, ही तक्रार बहुतेक वेळा याच क्लिपेपाशी येऊन थांबते. वायर क्लच-ब्रेकच्या पेडलपासून आणि स्टीअरिंगच्या दांड्यापासून लांब बांधा, लोंबती ठेवू नका. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर तोडूच नका, कपलरला कपलर लागणारं तयार वायरिंग मिळतं, ते घ्या.

शेवटची खात्री

सगळं बसवल्यावर झोपेतला करंट, म्हणजे गाडी बंद असताना ओढला जाणारा, मोजा. मीटर १० अ‍ॅम्पिअरच्या रेंजवर, बॅटरीची निगेटिव्ह काढून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मीटर. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या खाली आलं पाहिजे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटरच. आकडा जास्त येत असेल तर फ्यूज टॅप काढून परत वाचन घ्या. आकडा खाली आला तर तुमची वस्तू झोपत नाही, लाईन परत तपासा. तेवढाच राहिला तर चोर गाडीत दुसरीकडे आहे, एकेक फ्यूज काढत जा, कुठल्या फ्यूजला आकडा पडतो ते बघा. डिकीतला न विझणारा दिवा, अडकलेला रिले, आधीच्या मालकाने लावलेला जीपीएसचा डबा, असं काहीतरी निघतं. आकडा व्यवस्थित असूनही सकाळी सेल्फ फिरत नसेल, तर मात्र बॅटरी भाराखाली तपासून घ्या आणि बदलायची असेल तर तेव्हा बदला.